राणी शमीजवर: पॅरिसच्या १७८३ च्या प्रदर्शनातलं एक प्रकरण

वेशभूषेचा इतिहास शिकवायला घेतला की पहिल्या तासाला मी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावते. दोन्हींत बाई एकच, उभं राहण्याची ढब तीच, हातात गुलाब. एका चित्रात ती निळसर करड्या रेशमात आहे. लेस आहे, मोती आहेत, डोक्यावर पिसं खोवलेला शिरपेच आहे. दुसऱ्यात पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, गळ्याशी झालर, कमरेला पिवळसर झिरझिरीत पट्टा, डोक्यावर गवती हॅट. दागिना एकही नाही. मग मी विचारते, यातलं एक चित्र लोकांनी बोंब मारली म्हणून भिंतीवरून उतरवावं लागलं, ते कुठलं? बहुतेकांचं बोट रेशमी चित्राकडे जातं. कारणही बरोबर देतात, ‘तिथे गळा खोल आहे.’

उतरवलं गेलं ते दुसरं, अंगभर मलमलीचं.

नवअभिजात काळ म्हटलं की पुस्तकांत एक सरळ रेघ ओढलेली असते. १७३८ ला हर्क्युलेनियम आणि १७४८ ला पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या जुन्या रोमन शहरांचं उत्खनन सुरू झालं, ग्रीक-रोमन पुतळ्यांचं वेड लागलं आणि त्या वेडातून बायकांचे पांढरे, सरळ, उंच कमरेचे झगे आले. मलाही हेच शिकवलं होतं. पण हे एक प्रकरण नीट उलगडून पाहिलं की ती रेघ वाकडी होते.

माणसं आणि जागा

चित्रातली बाई म्हणजे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. चित्र काढणारी एलिझाबेत विजे ल ब्रं. दोघींचाही जन्म १७५५ चा. ल ब्रंचा नवरा चित्रांचा व्यापारी होता आणि व्यापाराशी संबंध असलेल्यांना राजेशाही कला अकादमीत घेत नसत. त्यातून बायकांसाठी जागा चारच. राणीनं शब्द टाकला, राजाचा हुकूम निघाला आणि ३१ मे १७८३ ला ल ब्रं अकादमीत शिरली. म्हणजे ज्या प्रदर्शनात हे प्रकरण घडलं, ते तिचं अकादमीतलं पहिलंच प्रदर्शन. वशिल्यानं आली असं म्हणणारे टपून बसलेले असणारच.

प्रदर्शन भरायचं लूव्रमध्ये, एक वर्षाआड, २५ ऑगस्टला म्हणजे संत लुईच्या दिवशी. नाव ‘सलों’. तिथे सरदार यायचे, शिंपी यायचे, नोकरमाणसं यायची. चित्रं छतापर्यंत एकावर एक खेटून लावलेली, खाली गर्दी आणि गर्दीत टीका छापलेली चोपडी हातोहात फिरणारी. राणीनं आपल्या महालात काय घालावं हा एक प्रश्न आणि तेच इथल्या भिंतीवर टांगावं का हा दुसरा. सगळी गफलत या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे झाली.

आधी अंगावर काय होतं

याच चित्रकर्तीनं याच राणीला १७७८ मध्येही रंगवलं होतं. ते चित्र व्हिएन्नाला आईकडे, सम्राज्ञी मारिया तेरेसाकडे पाठवायचं होतं, त्यामुळे राणी पूर्ण दरबारी पोशाखात आहे. पांढरं सॅटिन, मागे लांब शेपटा आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना झगा आडवा ताणून धरणारे सांगाडे. या सांगाड्यांना फ्रेंचमध्ये म्हणायचे ‘पानिए’, म्हणजे शब्दशः टोपल्या. दारातून आत जायचं तर तिरकं व्हावं लागे. वर काचोळी, तिच्यात व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या उभ्या शिवलेल्या. पाठीचा कणा आपोआप ताठ. या राणीचं आणि काचोळीचं आधीपासूनच वाकडं. १७७० मध्ये चौदा वर्षांची नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिनं दरबारी काचोळी घालायला नकार दिला होता आणि ती तक्रार पार व्हिएन्नाला आईच्या कानावर गेली होती.

हा पोशाख वाचायचा असे. घेर किती, शेपटा किती लांब, रेशीम कुठलं, जर किती, यावरून समोरची बाई कोण हे कळायचं. आपल्याकडे लग्नात काठ-पदर पाहून बायका जे क्षणात ताडतात, तेच. फक्त इथे त्याला दरबारी नियमांचं बळ होतं.

१७७४ ला राजानं पेती त्रियानों नावाचा छोटा महाल राणीला दिला. व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेतच, पण हुकूम तिचा. तिथे बोलावल्याशिवाय कोणी यायचं नाही आणि टोपल्या घालायच्या नाहीत. तिथला पोशाख म्हणजे हा मलमलीचा झगा. नाव ‘गोल’. (आपला गोल नव्हे, फ्रेंच शब्द आहे.) फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतींत, उकाड्यात राहणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांच्या बायका असला सैल सुती पेहराव घालत, तिथून तो पॅरिसला आला. म्हणजे जन्म बेटांवरचा. अथेन्सचा इथवर काहीच संबंध नाही.

शिवून पाहिला तेव्हा

गेल्या वर्षी वर्गात आम्ही हा झगा मलमलीत शिवून पाहिला. बेतण्यासारखं काही नव्हतंच. सरळ पट्टे उभे जोडायचे, भलीमोठी नळी तयार करायची, गळ्याशी, छातीखाली आणि कमरेशी नेफे घालायचे, नाड्या ओवायच्या आणि ओढायच्या. चुण्या पडतात त्या पडू द्यायच्या. बाहीलाही तसेच नेफे, म्हणजे फुगे फुगे तयार होतात. आमच्या कार्यशाळेतल्या मास्तरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘म्हणजे परकरच की, गळ्यापासून सुरू झालेला.’ यापेक्षा नेमकं वर्णन मला आजवर कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही.

पुतळ्यावर चढवला तर झगा गळपटला. चित्रातला डौल काही येईना. तेव्हा एकीच्या लक्षात आलं की आत काचोळी हवी. आणि खरंच, १७८३ मध्ये आत काचोळी होतीच, खाली घट्ट विणीचा परकरही होता. सैलपणा वरच्या थराचा. ‘मग मॅडम, मोकळं काय झालं?’ असं तिनं विचारलं. कंबर नाही झाली. टोपल्या गेल्या, शेपटा गेला, वजन गेलं. पण पाहणाऱ्याला वाटलं की सगळंच सुटलं.

साधेपणाचंही तसंच. रेशमी दरबारी झगा धुवायचा नसतो. पांढरी मलमल मात्र एकदा बागेत फिरून आली की धुवा, नीळ घाला, खळ द्या, इस्त्री करा. रोज पांढरंशुभ्र दिसायला मागे परटिणी राबायला लागतात. हा साधेपणा ज्याला परवडेल त्याचा.

आणि कापड आपल्याकडचं. उत्तम मलमल बंगालची, ढाक्याच्या आसपासची. फ्रान्सनं तर आपले रेशीम-लोकरवाले जगावेत म्हणून १६८६ पासून १७५९ पर्यंत छापील सुती कापडावर बंदी घातली होती; तरी चोरून येतच होतं. राणीचे कपडे पाहणारी रोझ बेर्तें, जिला लोक कुत्सितपणे ‘फॅशनमंत्री’ म्हणत, तिच्या सँतोनोरे रस्त्यावरच्या दुकानाचं नाव ‘ल ग्रां मोगोल’, थोर मोगल! दुकानावर मोगल आणि आत मलमल. इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर १७७८ ला चंद्रनगर आणि पुदुच्चेरी फ्रेंचांच्या हातून गेलं. तहावर सह्या झाल्या ३ सप्टेंबर १७८३ ला, म्हणजे हे प्रदर्शन भरलेलं असतानाच. (याच सोळाव्या लुईचा वकील म्हणवत सेंट लुबिन १७७७ मध्ये पुण्यात नाना फडणविसांकडे आला होता आणि इंग्रजांची झोप उडाली होती, हे मराठी वाचकाला आठवत असेल. त्या जगातलंच हे कापड.)

बोंब कशाची झाली

चित्र लागलं आणि कुजबुज सुरू झाली: राणी शमीजवर बसली! फ्रेंच ‘शमीज’ म्हणजे आतलं वस्त्र. आपल्याकडे शमीज हा शब्द आला तोही त्याच अर्थानं. सैल, पांढरं, सुती, गळ्याशी नाडी. बाहेरून पाहणाऱ्याला झगा आणि आतली शमीज यांत फरक दिसेना.

हे मुंबई-पुण्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. गाऊन हा मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख. तरी ‘गाऊनवर खाली दूध आणायला जाऊ नकोस’ हे वाक्य किती घरांत ऐकलेलं असतं. मग वरून ओढणी घेऊन गेलं की चालतं. अंग किती झाकलंय हा मुद्दाच नसतो. घरातलं दाराबाहेर आलं, हा मुद्दा असतो. राणी गाऊनवर दाराबाहेर आली होती, आणि तीही ओढणीशिवाय.

दुसरा आक्षेप पदाचा. चित्राखालचं नाव झाकलं तर ही फ्रान्सची राणी आहे हे सांगणारं त्यात काय आहे? मुकुट नाही, राजचिन्ह नाही, रेशीम नाही, हिरा नाही. एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याची बायको गावच्या घरी अशीच दिसेल. याच चित्रकर्तीनं १७८१ ला मादाम द्यु बारीला असल्याच पांढऱ्या झग्यात आणि हॅटमध्ये रंगवलं होतं. पण द्यु बारी म्हणजे आधीच्या, मेलेल्या राजाची रखेल, ती गवती टोपी घालो नाहीतर मुंडासं बांधो. आणि ते चित्र होतं खासगी भिंतीसाठी.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि मला सगळ्यांत खरा वाटणारा. राणी रेशीम नेसते म्हणून दरबार नेसतो, दरबार नेसतो म्हणून लिऑं या फ्रान्सच्या रेशमी शहरातले माग चालतात. तिनं परक्या देशाचं सुती कापड मिरवलं तर लिऑंच्या विणकरांनी खायचं काय? त्यात ती मुळची ऑस्ट्रियाची. तिचा भाऊ योसेफ तिकडे सम्राट आणि तलम लिननसाठी, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडासाठी, नावाजलेला फ्लँडर्सचा मुलूख त्याच्या ताब्यात. म्हणजे बाई भावाचा धंदा वाढवतेय, असाही अर्थ काढला गेला. झगा सुती मलमलीचा आणि आरोप लिननचा. पण अफवेला धागा मोजायची सवय नसते.

चित्र उतरवलं. ल ब्रंनं झटपट दुसरं रंगवलं, तीच ढब, तोच गुलाब, अंगावर मात्र फ्रेंच रेशीम आणि लेस. तेच आज व्हर्सायमध्ये आहे. उतरवलेलं चित्र जर्मनीत हेस घराण्याच्या संग्रहात गेलं, त्याची एक जुनी नक्कल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. पुढे म्हातारपणी आठवणी लिहिताना चित्रकर्तीनं या प्रकाराचं साल चुकून १७८६ टाकलं, दुष्ट लोकांनी ‘राणीनं शमीजवर चित्र काढून घेतलं’ असं म्हटल्याचं नोंदवलं आणि चित्राला यश मात्र खूप मिळालं असं ठासून लिहिलं.

यशाचं खोटं नव्हतं. बोंब झाली आणि झगा खपायला लागला. त्याला नाव पडलं ‘शमीज आ ला रेन’, म्हणजे राणीछाप शमीज. राणीनं स्वतः आपल्या इंग्रज मैत्रिणीला, डेव्हनशरच्या डचेसला, एक भेट दिला आणि १७८४ ला ती तो घालून मैफिलीला गेली. कापड तलम, धुऊन धुऊन विरणारं, त्यामुळे अस्सल नमुने फारच थोडे उरलेत. एक मँचेस्टरच्या संग्रहात आहे.

राणीच्या पदरात मात्र काही पडलं नाही. १७८५ च्या प्रदर्शनात व्हेर्टम्युलर या चित्रकारानं तिला मुलांबरोबर बागेत दाखवलं, तेही लोकांना रुचलं नाही. १७८७ ला ल ब्रंनं पुन्हा रंगवलं: लाल मखमल, मांडीवर आणि शेजारी मुलं, बाजूला रिकामा पाळणा. गेलेल्या तान्ह्या मुलीचा पाळणा. चित्र यायला उशीर झाला आणि रिकामी चौकट पाहून कोणीतरी म्हणालं, ‘ही पाहा तूट!’ राज्याच्या तिजोरीतली तूट तेव्हा घराघरांत चर्चेला होती. रेशीम सोडलं तर परकी, मखमल घातली तर उधळी. उधळेपणा खराही होता म्हणा; कपड्यांसाठी वर्षाला १,२०,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) ठरलेले असताना १७८५ मध्ये खर्च सुमारे २,५८,००० झाला. साधा झगा आवडणारी बाई साधी असतेच असं नाही.

मग ग्रीस आला

त्याच १७८५ च्या प्रदर्शनात चित्रकार दाव्हिदचं ‘होराशियसांची शपथ’ हे जुन्या रोमन कथेवरचं चित्र लागलं. डावीकडे तलवारींपुढे हात ताणलेले पुरुष आणि उजव्या कोपऱ्यात चुणीदार वस्त्रांत कोसळलेल्या बायका. त्यांच्या अंगावर टोपल्या नाहीत, काचोळी नाही. कोणी म्हटलं नाही की या शमीजवर बसल्यात. त्या रोमच्या होत्या.

१७८८ मधली ल ब्रंचीच एक गोष्ट याला जोडून पाहायला हवी. एका संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते. तिच्या डोक्यात आलं की सगळ्यांना ग्रीक करून टाकू. स्टुडिओतली कापडं काढली, येईल त्या बाईला चुण्या घालून गुंडाळलं, केसांची पावडर झटकली, शेजाऱ्याकडून जुन्या घाटाची भांडी आणली, कोंबडीला आणि माशाला पुस्तकातून ऐकलेला ग्रीक रस्सा केला. तिच्या म्हणण्याप्रमाणे खर्च पंधरा फ्रँक. गप्पा व्हर्सायला पोचेपर्यंत त्याचे वीस हजार झाले, रोममध्ये चाळीस, व्हिएन्नात साठ आणि सेंट पीटर्सबर्गला ऐंशी हजार. हा आकडा वाढत गेला याची मजा सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बायकांच्या अंगावर कापड तेच होतं, सैल, पांढरं, चुण्यांचं. पाच वर्षांपूर्वी याला एकच नाव होतं, शमीज. आता दुसरं नाव मिळालं होतं आणि या नावाला हसता येत नव्हतं, कारण ते शाळेत लॅटिन शिकलेल्या प्रत्येक पुरुषाच्या आदराचं होतं.

मग राज्यक्रांती झाली. ७ सप्टेंबर १७८९ ला चित्रकार-शिल्पकारांच्या घरच्या अकरा बायका पांढरे झगे घालून राष्ट्रसभेत गेल्या आणि आपले दागिने देशासाठी देऊन आल्या, जुन्या रोमन बायकांच्या धर्तीवर. पांढरा, दागिन्यांविना पेहराव. राणीच्या चित्रातही नेमकं तेवढंच होतं. तिथे तो निर्लज्जपणा ठरला, इथे देशभक्ती. १६ ऑक्टोबर १७९३ ला राणीचा शिरच्छेद झाला. त्या सकाळीही अंगावर पांढरंच होतं, विधवेचा काळा पोशाख घालू दिला नव्हता. त्यानंतर दोन आठवड्यांत, २९ ऑक्टोबरला, कोणत्याही नागरिकानं कसं कपडे घालावेत याची सक्ती कोणी करू नये असा ठराव झाला. घेर, शेपटा, रेशीम वाचायची जी भाषा होती ती कागदावर तरी संपली.

पुढचं भराभर घडलं. नेफे कमी झाले, कंबर छातीखाली सरकली, आतली काचोळी गेली किंवा नावापुरती उरली, परकर एकावर आला. दाव्हिदनं १८०० ला पॅरिसमधल्या नामांकित रेकामियेबाईंना अनवाणी, पांढऱ्या झग्यात, कोचावर रेललेल्या रंगवायला घेतलं. थंडीची सोय म्हणून काश्मिरी शाल आली आणि शालीचंच वेड लागलं. नेपोलियन सम्राट झाल्यावर त्याला पुन्हा लिऑंचे माग आठवले आणि दरबारात रेशीम-मखमल परतली; तिसरा आक्षेप खरा होता असं मी म्हणते ते यासाठी. राजा गेला, राणी गेली, विणकर तिथेच होते.

तासाच्या शेवटी मी तिसरं चित्र लावते. प्रुदाँ या चित्रकारानं १८०५ ला काढलेलं. बागेतल्या खडकावर एक बाई एकटी बसलीय, पांढरा तलम झगा, गळा पहिल्या दोन्ही चित्रांपेक्षा खोल, अंगाशी लाल शाल. ही नेपोलियनची बायको, सम्राज्ञी जोसेफीन, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर, मळेवाल्याच्या घरी जन्मलेली. ‘गोल’ जिथून आला त्याच मुलखातली. वर्ग आता शहाणा झालेला असतो. कोणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, हे कधी उतरवलं?’

हे लूव्रमध्ये आहे.